एचआयव्हीसह जगणाऱ्या माता आणि बाळाचे दूध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ जन्माला आले की पहिला प्रश्न दुधाचा असतो. आई एचआयव्हीसह जगत असेल तर हाच प्रश्न दवाखान्यात, घरात आणि तिच्या स्वतःच्या मनात वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला जातो, आणि तिन्ही ठिकाणची उत्तरे जुळतातच असे नाही. पुढील प्रश्न माता, त्यांचे जोडीदार, घरातील ज्येष्ठ आणि समुपदेशन करणारे कर्मचारी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक आईची प्रकृती, औषधोपचार आणि परिस्थिती निराळी असते. त्यामुळे ही माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी व समुपदेशकांशी बोलताना हाताशी असावी. त्यांच्या सल्ल्याला ती पर्याय नाही.

आई एचआयव्हीबाधित असेल तर तिच्या दुधातून बाळाला संसर्ग होतोच का?

नाही, होतोच असे नाही. कोणताही उपचार नसताना गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान या तिन्ही टप्प्यांत मिळून सुमारे १५ ते ४५ टक्के बाळांना संसर्ग होत असे, आणि त्यांत स्तनपानातून संसर्ग होणाऱ्या बाळांचे प्रमाण एकूण बाळांच्या ५ ते २० टक्के असे. म्हणजे औषधे नव्हती त्या काळातही अंगावर प्यायलेल्या बहुसंख्य बाळांना दुधातून संसर्ग झाला नव्हता. हे वाक्य अनेक मातांना प्रथमच ऐकायला मिळते, कारण त्यांना कोणीतरी ‘तुझे दूध म्हणजे विष’ असे सांगून ठेवलेले असते.

आज चित्र आणखी पालटले आहे. आई एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारी औषधे, रोज नियमितपणे घेत असेल तर तिच्या रक्तातील आणि दुधातील विषाणूंचे प्रमाण अतिशय घटते. आफ्रिकेतील काही देश आणि भारत येथे झालेल्या ‘प्रॉमिस’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आईला एआरटी किंवा बाळाला रोज नेव्हिरापिन हे विषाणूरोधक औषध दिले असता स्तनपानातून होणारा संसर्ग सहा महिन्यांपर्यंत ०.३ टक्के आणि बारा महिन्यांपर्यंत ०.६ टक्के इतकाच आढळला. हजार बाळांमागे अनुक्रमे तीन आणि सहा, असे हे प्रमाण आहे. या अभ्यासातील मातांची रोगप्रतिकारशक्ती बऱ्यापैकी चांगली होती आणि त्यांची देखरेखही नीट होत होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, ‘न सापडण्याइतका’ कमी आहे. मग धोका शून्य आहे, असे म्हणता येईल का?

असे म्हणता येत नाही. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गाबाबत विषाणूभार सतत दबलेला असल्यास धोका राहत नाही, हे सिद्ध झाले आहे. स्तनपानाबाबत मात्र ‘एक टक्क्याहून कमी, पण शून्य नव्हे’ हेच आजचे प्रामाणिक उत्तर आहे. दुधात पेशीही असतात, आणि रक्तात विषाणू सापडत नसतानाही त्या पेशींमध्ये तो सुप्तावस्थेत असू शकतो. शिवाय बाळ दिवसातून कित्येकदा, महिनोन् महिने पीत असते. हा उरलेला अल्प धोका आईला स्पष्ट सांगावा. तो लपवला आणि तिला पुढे कधीतरी दुसरीकडून कळला, तर आधी सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही तिचा विश्वास उडतो.

पूर्वी ‘अंगावर पाजू नका’ असे सांगत, आता ‘पाजा’ असे सांगतात. यांतले खरे कोणते मानायचे?

दोन्ही सल्ले आपापल्या काळी आणि आपापल्या ठिकाणी विचारपूर्वकच दिले गेले होते. त्यांमागची कहाणी कळली की गोंधळ पुष्कळ कमी होतो, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो.

आईच्या दुधातून संसर्ग झाल्याची पहिली नोंद १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वेळी उपचार नव्हता. ज्या देशांत स्वच्छ पाणी आणि पावडरचे दूध सहज मिळत होते, त्यांनी स्तनपान टाळण्याचा सल्ला दिला आणि त्यांच्यापुरता तो योग्यही होता. तोच सल्ला गरीब देशांत पोहोचला, तेव्हा त्याची दुसरी बाजू समोर आली. वरच्या दुधावर वाढणारी बाळे एचआयव्हीपासून वाचत, पण त्यांतली बरीच अतिसाराने आणि न्यूमोनियाने दगावत. बोट्स्वानामध्ये सरकार बाधित मातांना पावडरचे दूध मोफत देत होते. २००६ च्या सुरुवातीस तेथे अतिवृष्टीनंतर अतिसाराची साथ आली आणि शेकडो बालके मृत्युमुखी पडली. स्तनपान न मिळणे हा धोक्याचा सर्वांत ठळक घटक असल्याचे तपासात आढळले. त्याच वर्षी तेथील एका संशोधनाचे निष्कर्ष आले. वरच्या दुधावरच्या गटात सातव्या महिन्यापर्यंत ९.३ टक्के बाळे दगावली होती, तर औषधाच्या संरक्षणासह अंगावर पिणाऱ्या गटात ४.९ टक्के. अंगावर पिणाऱ्यांत संसर्ग अधिक होता, आणि दीड वर्षाच्या वयाला ‘जिवंत आणि एचआयव्हीमुक्त’ असलेल्या मुलांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले.

‘जिवंत आणि एचआयव्हीमुक्त’ ही मोजपट्टी तेव्हापासून महत्त्वाची झाली. पुढे औषधांनी तराजूचे पारडे स्पष्टपणे झुकवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये औषधांच्या संरक्षणाखाली बारा महिने स्तनपानाची शिफारस केली. २०१६ मध्ये ती आणखी पुढे गेली: किमान बारा महिने पाजावे, आणि आई उपचार नियमित घेत असेल व तिला आधार मिळत असेल तर चोवीस महिने किंवा त्याहून अधिक काळही पाजता येते. अमेरिकेसारख्या देशानेही २०२३ मध्ये आपली भूमिका बदलली. तेथील मार्गदर्शक सूचना आता सरसकट मनाई करत नाहीत. विषाणूभार दबलेला असेल आणि आईची इच्छा असेल तर तिला माहिती व आधार देऊन निर्णय तिच्यासोबत घ्यावा, असे त्या सांगतात.

या सगळ्यामुळे व्यवहारात मात्र एक अडचण उभी राहिली आहे. एकाच दवाखान्यात २००१ मध्ये शिकलेली परिचारिका, २०१० नंतर प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक आणि कालच रुजू झालेले डॉक्टर एकत्र काम करत असतात. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळ्या वर्षाची मार्गदर्शक सूचना असते, आणि आईला एकाच दिवशी तिघांकडून तीन उत्तरे मिळतात. तुमच्या बाबतीत असे झाले असेल तर संकोच न करता ‘सध्याच्या सूचनेप्रमाणे काय आहे?’ असे विचारा.

‘केवळ स्तनपान’ म्हणजे नेमके काय? चमचाभर पाण्याने काय बिघडते?

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही न देणे, म्हणजे केवळ स्तनपान. पाणीही नाही, साखरेचे पाणीही नाही, चाटणही नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधे आणि जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालतात.

बाळाच्या आतड्याचे अस्तर नाजूक असते. वरच्या अन्नाने किंवा दूषित पाण्याने त्या अस्तराला इजा झाली की दुधात असलेल्या विषाणूला आत शिरायला वाट मिळते. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनमधून १९९९ मध्ये ही गोष्ट प्रथम लक्षात आली: केवळ स्तनपानावरच्या बाळांत मिश्र आहारावरच्या, म्हणजे आईच्या दुधासोबत इतरही काही मिळणाऱ्या बाळांपेक्षा संसर्ग कमी होता. २००७ मध्ये त्याच देशातील क्वाझुलू-नाताल प्रांतातील मोठ्या अभ्यासाने त्याला दुजोरा दिला. केवळ स्तनपान मिळालेल्या बाळांत सहा आठवडे ते सहा महिने या काळात सुमारे ४ टक्क्यांना संसर्ग झाला. दुधासोबत घट्ट अन्न सुरू केलेल्या बाळांना संसर्ग होण्याची शक्यता मात्र त्यांच्या तुलनेत जवळपास अकरा पट होती.

हे आकडे एआरटी सर्वांना मिळू लागण्याच्या आधीचे आहेत. आज आई औषधे नियमित घेत असेल आणि काही कारणाने बाळाच्या पोटात वरचे दूध गेले, तर घाबरून स्तनपान बंद करण्याचे कारण नाही; जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ते स्पष्टपणे सांगितले आहे. केवळ स्तनपान हे उद्दिष्ट कायम ठेवावे, पण एखाद्या चमच्यापायी सगळे मोडीत काढू नये.

हे सगळे समजावून सांगितलेले असते. तरीही इतक्या माता मिश्र आहार का देतात?

कारण समुपदेशनाच्या खोलीत आई एकटी असते आणि घरी ती एकटी नसते. बाळाच्या दुधाबाबतच्या निर्णयावर परिणाम करणाऱ्या साऱ्या घटकांत मला हा सर्वांत मोठा वाटतो, आणि माहितीपत्रकांत त्याला सर्वांत कमी जागा मिळते.

रात्री दोन वाजता बाळ रडत असते. आईने नुकतेच पाजलेले असते. घरातील ज्येष्ठ बाई उठून म्हणते, ‘तुझ्या दुधाने त्याचे पोट भरत नाही, जरा पाणी पाज, नाहीतर वरचे दूध दे.’ त्या बाईने स्वतः चार मुले वाढवलेली असतात, तिच्या बोलण्यात मायाच असते, आणि घरात तिचा शब्द चालतो. या क्षणी आईला नकार द्यायचा असेल तर कारण सांगावे लागेल. ‘दवाखान्यात नको म्हणाले आहेत’ हे एकदा चालते, चौथ्यांदा त्यातून प्रश्न उभा राहतो: तुलाच का नको म्हणाले? मग प्रश्न टाळण्यासाठी ती पाणी पाजते. तिला नियम माहीत नसतो असे नाही. आजचे गुपित उघड होण्याचा धोका तिला उद्याच्या संसर्गाच्या धोक्यापेक्षा जवळचा वाटतो, आणि तिच्या जागी बसून पाहिले तर तो खरोखरच जवळचा असतो.

‘दूध पुरत नाही’ ही समजूत तर एचआयव्ही असो वा नसो, सगळीकडेच आढळते. बाळ रडले की ते भुकेनेच रडते असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी आणि नियमित वाढणारे वजन या दोन खुणा बाळाला दूध पुरत असल्याचे सांगतात. घरातल्या मोठ्यांना वजनाचा तक्ता दाखवून ही गोष्ट पटवता येते, आणि त्यासाठी एचआयव्हीचा उल्लेखही करावा लागत नाही.

मी घरात कोणालाही सांगितलेले नाही. मला काय करता येईल?

सांगायचे की नाही, केव्हा आणि कोणाला, हा हक्क तुमचा आहे. तुमच्या परवानगीशिवाय आरोग्य कर्मचाऱ्याने ते कोणालाही सांगू नये. सांगितल्यावर मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी भीती असेल, तर ती समुपदेशकाला स्पष्ट सांगा. अशा वेळी सांगण्याची घाई करणे योग्य नाही.

मात्र गुपित राखण्याची किंमत काय असते, तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. नेव्हिरापिनची बाटली तपासणीला आणली जाते, तेव्हा कधीकधी तिच्यावरचे लेबल नखाने खरवडून काढलेले असते. डिंकाचे पांढरे डाग तेवढे उरलेले असतात. गोळ्या मूळ डबीतून काढून पीठाच्या डब्यात, कपड्यांच्या घडीत, कागदाच्या पुडीत ठेवलेल्या असतात. घरात पाहुणे आले की त्या दिवशीची गोळी राहते. दूध सुरक्षित ठेवणारी गोष्ट म्हणजे रोजची गोळी, आणि लपवाछपवीत सर्वांत आधी तीच चुकते.

ज्या मातांनी एका तरी विश्वासू व्यक्तीला सांगितलेले असते, त्यांना ठरवलेल्या पद्धतीने पाजणे आणि औषधे घेणे सोपे जाते, असा अनुभव जगभर वारंवार आलेला आहे. ती व्यक्ती जोडीदारच असली पाहिजे असे नाही. बहीण, आई, मैत्रीण, कोणीही चालेल. रात्री बाळ रडते तेव्हा तुमच्या बाजूने बोलणारे एक माणूस असावे. सांगण्याचा प्रसंग कठीण वाटत असेल तर समुपदेशकाच्या उपस्थितीत तो पार पाडता येतो, आणि काय बोलायचे याचा आधी सरावही करता येतो.

न पाजले तर लोक संशय घेतात का?

जेथे बहुतेक बाळे अंगावर पितात तेथे घेतात. न पाजणाऱ्या आईला दर भेटीत कारण विचारले जाते, आणि ‘दूध आले नाही’ किंवा ‘औषधे चालू आहेत’ असे काहीतरी सांगावे लागते. पावडरच्या दुधाचा डबाच आजाराची पाटी बनतो. याउलट जेथे पावडरचे दूध सर्रास वापरले जाते, तेथे बाधित आईला पाजावेसे वाटले तरी, ‘इतका धोका का पत्करतेस?’ असे तिलाच विचारले जाते. क्वचित तिच्यावर निष्काळजीपणाचा ठपका येतो आणि बालसंरक्षण यंत्रणेची भीतीही तिच्या मनात असते. कलंक दोन्हीकडे आहे, त्याची दिशा तेवढी वेगळी असते.

पावडरचे दूध देणे कोणत्या परिस्थितीत योग्य ठरते?

डबा विकत घेणे परवडते, एवढ्यावरून हे ठरवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घातलेल्या अटी आजही उपयोगी आहेत. घरात आणि परिसरात स्वच्छ पाणी व स्वच्छतागृहाची सोय हवी. बाळाच्या वाढीला पुरेल इतके दूध आई किंवा सांभाळणारी व्यक्ती खात्रीने पुरवू शकली पाहिजे. ते स्वच्छपणे आणि हवे तितक्या वेळा तयार करता आले पाहिजे. पहिले सहा महिने केवळ तेच देता आले पाहिजे. कुटुंबाचा पाठिंबा हवा, आणि बाळ आजारी पडल्यास संपूर्ण आरोग्यसेवा आवाक्यात हवी. एवढ्या सगळ्या अटी एकत्र पूर्ण झाल्या पाहिजेत.

यातली ‘खात्रीने’ ही अट अनेकदा निसटते. पहिला डबा आणला जातो, दुसराही आणला जातो, आणि तिसऱ्या महिन्यात हाताशी पैसे नसले की पावडर मोजमापापेक्षा कमी घालून दूध पातळ केले जाते. बाळाचे पोट भरल्यासारखे वाटते, पण वजन वाढत नाही. मोफत पुरवठा असेल तरी तो एखाद्या महिन्यात आलाच नाही, तर तोपर्यंत आईचे दूध आटलेले असते आणि परतीची वाट बंद झालेली असते.

तयार करण्याच्या पद्धतीलाही महत्त्व आहे. पावडर निर्जंतुक नसते. त्यामुळे उकळलेले पाणी किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाला असतानाच त्यात ती मिसळावी, बाळाला सोसेल इतके दूध निवल्यावर पाजावे आणि दोन तासांत न संपलेले टाकून द्यावे. बाटलीपेक्षा उघडी वाटी किंवा पेला धुवायला सोपा असतो. हे काम दिवसरात्र मिळून आठेक वेळा करायचे असते, हे आधीच मोजून पाहावे. सहा महिन्यांखालील बाळाला घरी पाणी घालून पातळ केलेले जनावराचे दूध देऊ नये. त्यातून त्या वयाला आवश्यक पोषण मिळत नाही.

मनातली भीती आणि अपराधीपणा जात नाही. हे माझ्या एकटीचेच आहे का?

तुमच्या एकटीचे नाही. बाळाला जवळ घेऊन पाजताना ‘हा घोट तर नसेल?’ असा विचार मनात येतो, असे अनेक माता सांगतात. काही जणी भीतीपोटी मध्येच काही दिवस पाजणे थांबवतात, मग बाळाची भूक पाहून पुन्हा सुरू करतात, आणि या अदलाबदलीत नकळत मिश्र आहाराकडे वळतात. दुसऱ्या बाजूला, ज्यांनी न पाजण्याचा निर्णय घेतला त्यांनाही पान्हा येतो, छाती भरून येते, आणि काहीतरी गमावल्याची जाणीव राहते. त्या दुःखाची दखल क्वचितच घेतली जाते.

ज्यांना निदान गर्भारपणातच कळलेले असते, त्यांना आजार स्वीकारणे, औषधे सुरू करणे, घरात सांगावे की न सांगावे याचा घोर आणि बाळाच्या दुधाचा निर्णय हे सारे काही महिन्यांच्या आत करावे लागते. झोप न लागणे, सतत रडू येणे, बाळाविषयी काही वाटेनासे होणे ही प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे असू शकतात. त्यावर उपचार आहेत, आणि ते घेतल्याने औषधांतील सातत्यही सुधारते. आधीचे मूल संसर्गाने किंवा अतिसाराने गमावलेले असेल तर आई या वेळी अनेकदा उलट पर्याय निवडते. सल्ला देणाऱ्याने आधीच्या मुलाची विचारपूस केल्याशिवाय या मुलाबद्दल बोलू नये.

जोडीदाराचा वाटा किती असतो?

बराच. दूध विकत आणायचे तर पैसा बहुधा त्याच्या हातात असतो, आणि अंगावर पाजायचे तर आईला पुरेसे खायला मिळणे, तिच्या कामाचा भार हलका होणे आणि तपासणीला सोबत मिळणे यांवर सातत्य अवलंबून असते. जोडीदाराने स्वतःची तपासणी करून घेणे तर अतिशय गरजेचे आहे.

गर्भारपणात माझी चाचणी निगेटिव्ह होती. मग मला काळजीचे कारण नाही ना?

स्तनपानाच्या काळात आईला नव्याने संसर्ग झाला, तर त्या सुरुवातीच्या आठवड्यांत विषाणूभार अतिशय वाढलेला असतो आणि बाळाला धोका जुन्या संसर्गापेक्षा बराच जास्त असतो. जोडीदार बाधित असेल किंवा त्याची चाचणी झालेली नसेल तर निरोध वापरावा, पुन्हा चाचणी करून घ्यावी, आणि संसर्ग टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारावे.

कामावर परत जायचे आहे. दूध कसे देता येईल?

प्रसूतीनंतर लवकर कामावर जावे लागणे हे केवळ स्तनपान मोडण्याचे एक मोठे कारण आहे, आणि रोजंदारीवर काम करणाऱ्या स्त्रीला रजा मागण्याचीही सोय नसते. एआरटी नियमित असेल तर स्वच्छ हातांनी दूध काढून झाकलेल्या भांड्यात ठेवता येते आणि ते वाटी-चमच्याने पाजता येते. काढलेले दूध उकळीपर्यंत तापवून लगेच आचेवरून उतरवले तर त्यातील विषाणू निष्क्रिय होतो. आई आजारी असणे, स्तनाला सूज असणे किंवा औषधांचा पुरवठा काही दिवस खंडित होणे अशा तात्पुरत्या अडचणीत हा मार्ग उपयोगी पडतो. महिनोन् महिने प्रत्येक वेळी दूध तापवत राहणे मात्र फार थोड्या जणींना जमते. बाळ सांभाळणाऱ्या व्यक्तीला ‘याला दुसरे काही देऊ नका’ हे स्पष्ट सांगून ठेवावे.

गोळ्या मध्येच चुकल्या तर पाजणे थांबवावे का?

एखादी गोळी चुकली तर आठवल्यावर घ्यावी आणि पाजणे चालू ठेवावे. अनेक दिवस सलग चुकल्या असतील, किंवा औषधेच प्रसूतीच्या सुमारास सुरू झालेली असतील, तर लगेच दवाखान्यात जावे. बाळाला अधिक औषधे किंवा अधिक काळ औषधे देणे, आईचा विषाणूभार मोजणे, आणि तोपर्यंत काढलेले दूध तापवून देणे असे मार्ग उपलब्ध असतात. स्तनपान करणाऱ्या आईचा विषाणूभार प्रसूतीनंतर तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी तपासावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. काही देशांत तो याहून बराच वरचेवर तपासतात.

गोळ्या चुकल्याचे सांगितल्यावर ओरडा बसला, तर पुढच्या वेळी आई ते सांगणारच नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांनी हे मनावर घ्यावे, अशी कळकळीची विनंती आहे. चुकल्याची कबुली ही त्या बाळाच्या संरक्षणासाठी मिळालेली सर्वांत मोलाची माहिती असते.

स्तनाग्रांना भेगा पडल्या आहेत किंवा स्तनात गाठ झाली आहे.

सूज आणि भेगांमुळे दुधात विषाणू वाढू शकतो, म्हणून लवकर दाखवावे. तोवर बऱ्या बाजूने पाजावे आणि दुखऱ्या बाजूचे दूध काढून टाकत राहावे, म्हणजे गाठ वाढत नाही. बाळाची पकड नीट बसवणे हा यावरचा सर्वांत चांगला प्रतिबंध आहे. बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे असतील तर त्यावरही उपचार करून घ्यावेत.

दूध केव्हा आणि कसे तोडावे?

एकदम कधीही तोडू नये. झांबियामध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चौथ्या महिन्यात अचानक स्तनपान थांबवलेल्या बाळांना काहीही लाभ झाल्याचे दिसले नाही. अचानक थांबवल्याने छाती तटतटते, दुधातील विषाणू वाढतो, आणि मध्येच पुन्हा पाजले गेले तर धोका उलट वाढतो. साधारण महिनाभरात एकेक वेळ कमी करत आणावे, आणि आईने त्या काळात आपली औषधे न चुकता घ्यावीत. ती तर पुढेही आयुष्यभर चालूच राहतात. सहा महिने पूर्ण झाले की पूरक आहार सुरू करावा आणि सोबत स्तनपान चालू ठेवावे. बारा महिन्यांनंतरही, दुधाशिवाय पुरेसा आणि सकस आहार देता येईल तेव्हाच ते बंद करावे.

बाळाच्या तपासण्या केव्हा होतात?

पहिली पीसीआर, म्हणजे रक्तात थेट विषाणू शोधणारी तपासणी सहसा चार ते सहा आठवड्यांनी होते. काही ठिकाणी ती जन्मतःही करतात. पुढची साधारण नऊ महिन्यांनी होते. आईची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध तिच्या शरीरात तयार झालेली प्रथिने, बाळाच्या रक्तात बराच काळ राहत असल्याने दीड वर्षाच्या आत साध्या प्रतिपिंड चाचणीवरून संसर्गाचे निदान करता येत नाही. अंतिम निष्कर्ष अठरा महिन्यांनी, किंवा स्तनपान थांबल्यावर तीन महिन्यांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा काढला जातो. पहिला अहवाल निगेटिव्ह आला की अनेक जणी पुढच्या तपासण्यांना येत नाहीत. तो अहवाल तोपर्यंतच्या काळापुरता असतो. बाळ पीत आहे तोवर तपासण्याही चालू ठेवाव्या लागतात.

बाळाला संसर्ग झालाच असेल तर स्तनपान बंद करावे का?

बंद करू नये. उपचार न मिळाल्यास बाधित बाळांपैकी सुमारे निम्मी दुसऱ्या वाढदिवसाच्या आत दगावतात. म्हणून निदान होताच बाळाची एआरटी त्याच आठवड्यात सुरू व्हावी यासाठी धडपडावे. अशा बाळाला तर आईच्या दुधाची गरज अधिकच असते. पहिले सहा महिने केवळ स्तनपान आणि पुढे पूरक आहारासह दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजावे, अशी शिफारस आहे. अहवाल हाती आल्यावर आई बाळाला छातीपासून दूर धरते, असे पुष्कळदा होते. त्याच भेटीत, ती खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी, तिला बाळ पुन्हा जवळ घेऊन पाजायला सांगावे आणि ती पाजत असताना तिच्याजवळ बसावे.